शाफ्टवरच्या खुणा

विहिरीवरच्या पंपाची ग्लँड गळायला लागली, की शेतकरी आधी दोरी बदलतो. ग्रीस लावलेली नवी दोरी ठासून बसवतो, नट आवळतो आणि चार दिवस निर्धास्त होतो. ग्लँडमधून थेंब-थेंब पाणी यायलाच हवं, त्यानेच दोरी थंड राहते. पण पंधरवड्यात थेंबांची धार होते. पुन्हा दोरी, पुन्हा धार. शेवटी कुणी तरी जाणता माणूस शाफ्ट बाहेर काढतो आणि दोरीखालच्या भागावरून नख फिरवतो. नख अडखळतं. शाफ्ट नवाच असतो, मापालाही बरोबर असतो, पण अंगाने खरबरीत. मिनिटाला १४४० फेरे घेणारा हा खरबरीतपणा दोरी खाऊन टाकत होता.

प्रश्न मग टर्नरकडे जातो आणि टर्नरही बुचकळ्यात पडतो. त्याच लेथवर, त्याच टूलने गेल्या आठवड्यात काढलेला शाफ्ट चकचकीत आला होता. या वेळी काय बिनसलं? शेजारपाजारचे सल्ले ठरलेले: ‘हळू घे. फीड कमी कर, स्पीड कमी कर.’ यातला अर्धा सल्ला बरोबर आहे. उरलेला अर्धा बहुतेक वेळा काम आणखी बिघडवतो.

कुंडलचा माळ

पंप, शाफ्ट आणि लेथ यांचं सातारा-सांगलीच्या भागाशी जुनं नातं आहे. इथलं औंध संस्थान एकसंध नव्हतं, तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं होतं. राजधानीचं औंध आज सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात येतं, तर संस्थानाचे आटपाडी आणि कुंडल हे तुकडे सांगली जिल्ह्यात. बेळगावची कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडलजवळचा निवडुंगांनी भरलेला माळ दिला. १९१० च्या मार्चमध्ये तिथे कारखाना उभा राहिला आणि पुढे त्या जागेचं नावच किर्लोस्करवाडी झालं. लोखंडी नांगर बेळगावपासूनच बनत होता. पंप नंतर आले.

किर्लोस्करवाडीची गोष्ट सांगताना आपण नांगर आणि पंप सांगतो, त्यांच्या मागे उभा असलेला लेथ सहसा विसरतो. नांगराचा बोल्ट असो की पंपाचा शाफ्ट, गोल आणि मापाचं जे काही लागतं ते लेथवरूनच येतं. म्हणूनच १९४१ मध्ये किर्लोस्करांनी हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी काढली, ती लेथ बनवण्यासाठी. तिचे लेथ पुढे गावोगावच्या वर्कशॉपमध्ये पोचले आणि हात बदलत त्यातले कित्येक आजही चालू आहेत. यंत्राचं हे वय ध्यानात ठेवायला हवं. शाफ्टच्या तक्रारीत त्याचा मोठा वाटा असतो.

सरी आणि वरंबा

लेथवर जॉब स्वतःभोवती फिरतो आणि टूल त्याच्या लांबीने सरकत जातं. म्हणजे टूलचं टोक जॉबवर एक अखंड मळसूत्री रेघ ओढत असतं. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं सरकतं, त्याला फीड म्हणतात. फीड ०.२ मिलिमीटर असेल, तर दर मिलिमीटरला पाच रेघा उमटतात.

उसाच्या रानात सरी पाडतात, तसंच हे आहे. टूलचं टोक अगदी अणकुचीदार नसतं, थोडं गोलसर असतं. त्या गोलाईच्या त्रिज्येला नोज रेडियस म्हणतात. टूल गोल बुडाची एक सरी काढतं, पुढच्या फेऱ्यात शेजारी दुसरी काढतं आणि दोन सऱ्यांच्या मधे वरंबा उरतो. नखाला लागतो तो हा वरंबा. सऱ्या जवळजवळ घेतल्या तर वरंबा बुटका राहतो. फाळ रुंद असला तरीही बुटकाच राहतो.

वरंब्याची उंची काढायला सोपा हिशेब आहे: फीडला फीडने गुणायचं आणि नोज रेडियसच्या आठपटीने भागायचं. फीड ०.२ आणि नोज रेडियस ०.४ मिलिमीटर असेल, तर उंची ०.०१२५ मिलिमीटर, म्हणजे साडेबारा मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. आता फीड निम्मं, म्हणजे ०.१ केलं तर उंची निम्मी होत नाही, पावपट होते: जेमतेम तीन मायक्रॉन. फीड तेच ठेवून नोज रेडियस दुप्पट केला, तर मात्र उंची फक्त निम्मी होते. फीड कमी करण्याचा सल्ला बरोबर ठरतो तो यामुळे.

ड्रॉइंगवर फिनिश बहुधा ‘आरए’ या आकड्यात लिहिलेलं असतं. सगळ्या चढ-उतारांची मधल्या रेषेपासूनची ती सरासरी असते. आपल्या सऱ्यांच्या बाबतीत आरए हा वरंब्याच्या उंचीच्या साधारण चौथ्या भागाइतका येतो. म्हणजे पहिल्या उदाहरणात ३.२ च्या आसपास, दुसऱ्यात ०.८. जुन्या ड्रॉइंगवर आकडा नसतो, उलटे त्रिकोण असतात. त्रिकोण जितके जास्त तितकं फिनिश बारीक.

हा हिशेब म्हणजे एक मर्यादा आहे. साध्या टूलने याहून चांगलं फिनिश येत नाही, वाईट मात्र कितीही येऊ शकतं. म्हणून खराब शाफ्ट हातात आला, की आधी भिंग घेऊन रेघा पाहाव्यात. त्या सारख्या अंतरावर, स्वच्छ आणि फीडच्या मापाने असतील, तर लेथ आणि टूल दोन्ही ठीक आहेत. फक्त फीड उतरवा, काम होईल. रेघा दिसतच नाहीत, त्याऐवजी पृष्ठभाग ओरबाडल्यासारखा, खवले उठल्यासारखा आणि निस्तेज आहे? मग फीडशी खेळून काही हाती लागणार नाही.

फाळाला चिकटलेली माती

ओरबाडलेला पृष्ठभाग ही मऊ पोलादाची, म्हणजे एमएसची, खास तक्रार आहे. ओल्या काळ्या रानात नांगर घातला की माती फाळाला चिकटते, तिच्यावर आणखी माती बसते आणि थोड्या वेळाने फाळ राहतो बाजूला, जमीन कापतो तो मातीचा गोळा. टूलच्या टोकावर नेमकं हेच घडतं.

कापून निघणारी चिप टूलवरून घासत वर जाते तेव्हा तिथला दाब प्रचंड असतो. चिपचा खालचा चेहरा अगदी ताजा, हवा न लागलेला धातू असतो. ताजा धातू आणि दाब एकत्र आले की तो टूलला चक्क जोडला जातो. थरावर थर बसतात, दाबाने कडक होतात आणि टूलच्या धारेवर एक ओबडधोबड खोटी धार तयार होते. कापायचं काम आता ती करते. तिला ना आकार असतो ना स्थैर्य. ती वाढते, तुटते, पुन्हा वाढते. तुटताना तिचे काही कण चिपबरोबर जातात आणि काही जॉबवर चिकटून बसतात. शाफ्टवर हात फिरवताना जे कण बोचतात, ते हेच.

याला उष्णता हा उतारा आहे. वेग वाढला की चिप आणि टूल यांच्यामधला भाग तापतो, चिकटणारा थर मऊ पडतो आणि टिकून राहत नाही. म्हणून एमएसवर कार्बाइड टूलने काम करताना स्पीड वाढवला की पृष्ठभाग एकाएकी उजळतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही जादूच वाटते, कारण नीट काम म्हणजे सावकाश काम हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

इथे जुन्या लेथचा मुद्दा येतो. किर्लोस्करवाडी उभी राहिली त्या काळात कारखान्यांत छताखाली एक लांब दांडी फिरत असे आणि तिच्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी एकेक लेथ चाले. वेग मोजके आणि कमी. टूलही तसंच होतं. हायस्पीड स्टील, म्हणजे टर्नरच्या भाषेत एचएसएस, नुकतं कुठे १९०० च्या सुमारास अमेरिकेत टेलर आणि व्हाइट यांच्या प्रयोगांतून आलं होतं. ते ६०० अंशांच्या आसपास तापलं की नरम पडतं. त्यामुळे एमएसवर त्याचा वेग मिनिटाला ३० मीटरच्या आगेमागेच ठेवावा लागतो. कार्बाइड आलं ते १९२६-२७ च्या सुमारास, जर्मनीतल्या क्रुप कंपनीकडून, ‘विडिया’ या नावाने. आपल्याकडचे टर्नर त्याला आजही विडियाच म्हणतात. हे टूल मिनिटाला शंभर मीटरच्या वर सहज चालतं. नुसतं चालत नाही, त्याला तोच वेग मानवतो.

आता २५ मिलिमीटरचा शाफ्ट घ्या. मीटरमधल्या वेगाला १००० ने गुणून, व्यास आणि ३.१४ यांच्या गुणाकाराने भागलं की फेरे मिळतात. ३० मीटरसाठी मिनिटाला ३८० फेरे येतात, १२० मीटरसाठी १५०० च्या वर. जुना लेथ चारशे-पाचशे फेऱ्यांवर चालत असेल आणि मालकाने हौसेने त्यावर विडियाची टिप बसवली असेल, तर खोटी धार जमायला याहून सोयीची जागा नाही. माझ्या मते लहान वर्कशॉपमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ या बेमेळ जोडीत असतं. अशा लेथवर ऑइलस्टोनवर घासून तीक्ष्ण केलेलं एचएसएस टूल कार्बाइडपेक्षा सरस काम करतं. त्याच्या वरच्या तोंडाला चांगला उतार द्यावा आणि पाण्यातल्या पांढऱ्या कूलंटऐवजी कटिंग ऑइल सोडावं. तेल चिप आणि टूल यांच्यामधे शिरून चिकटणं कमी करतं.

चिपचा रंगही बोलतो. कार्बाइडवर निळसर चिप आली तर घाबरायचं कारण नाही, उष्णता चिपबरोबर बाहेर जाते आहे. एचएसएसवर चिप निळी पडली, तर टूल जळण्याच्या वाटेवर आहे. (लक्ष्मणराव किर्लोस्करांना काही रंग नीट ओळखता येत नसत, म्हणून चित्रकला सोडून ते यंत्रांकडे वळले. चिपचा हा रंग ते कसा ओळखत असतील, कोण जाणे.)

मालावरही बरंच अवलंबून असतं. ईएन८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्यांच्या आसपास असतो, ते एमएसपेक्षा स्वच्छ कापलं जातं. ईएन१ए मध्ये मुद्दाम गंधक घातलेलं असतं, त्यामुळे चिप लवकर तुटते आणि फिनिश फारसं न मागताच मिळतं. ३०४ जातीचं स्टेनलेस याच्या उलट खोडीचं: टूल त्यावर नुसतं घासलं तरी पृष्ठभाग कडक होतो आणि पुढचा कट त्या कडक कातडीत घ्यावा लागतो. बिडाचा प्रश्न वेगळाच. ओतीव मालाच्या सालीत साच्यातली वाळू असते. पहिला कट सालीच्या खाली जाईल इतका खोल घेतला नाही, तर टूलची धार पहिल्याच फेरीत जाते.

थरथर

तिसऱ्या प्रकारचा खराब शाफ्ट ओळखायला भिंग लागत नाही, तो कानाने ओळखता येतो. लेथ किंचाळायला किंवा गुरगुरायला लागतो आणि जॉबवर लांबीच्या दिशेने बारीक, ठरावीक अंतराच्या लाटा उमटतात. याला चॅटर म्हणतात.

चॅटर एकदा सुरू झालं की स्वतःच स्वतःला वाढवतं. टूल किंचित थरथरलं की जॉबवर एक लहानशी लाट राहते. पुढच्या फेऱ्यात टूल त्या लाटेवरून जातं. चिप कधी जाड, कधी पातळ होते, टूलवरचं बळ कमी-जास्त होतं आणि टूल पुन्हा थरथरतं. मागच्या लाटेशी नव्या थरथरीचा मेळ बसला, की प्रत्येक फेऱ्यात लाट मोठी होते.

थरथरीचं मूळ लवचीकपणात आहे. टूल पोस्टच्या बाहेर आलेलं टूल दुप्पट लांब केलं, तर तेवढ्याच बळाने ते दुप्पट नाही, आठपट वाकतं. जॉबलाही हाच नियम. चकमध्ये धरलेला शाफ्ट व्यासाच्या तीन-चार पटींहून जास्त बाहेर येत असेल, तर टेलस्टॉकचा सेंटर लावायलाच हवा. दोन्ही टोकांना आधार असूनही शाफ्ट लांबच लांब असेल, तर तो मधे दबतो. तिथे मधे आधार देणारी स्टेडी लागते. सेंटर लावूनही शाफ्ट मधे जाड आणि टोकांना बारीक येत असेल, तर तो टूलपासून दूर ढकलला जातो आहे हे पक्कं समजावं.

नोज रेडियस मोठा असला की वरंबा बुटका होतो, हे वर पाहिलं. पण मोठ्या गोलाईचं टूल जॉबला बाजूला ढकलतंही जास्त. बारीक, लांब शाफ्टवर १.२ ची टिप लावली, तर कागदावर फिनिश सुधारतं आणि लेथवर चॅटर सुरू होतं. तिथे ०.४ चीच टिप लावून फीड उतरवणं बरं.

चॅटरवरचा एक इलाज अंगवळणी पडायला वेळ लागतो: फीड थोडं वाढवायचं. फार बारीक फीडला टूल धड कापत नाही, घासतं, आणि घासण्यातून थरथर जन्म घेते. फीड वाढलं की टूल जॉबमध्ये ठामपणे बसतं. दुसरा इलाज स्पीड बदलण्याचा, वर किंवा खाली. मागच्या लाटेशी जमलेला मेळ त्याने मोडतो.

स्पीड बदलताना कान उघडे ठेवावेत, निदान तिथेच होतं. स्पीड बदलूनही आवाजाची पट्टी जवळपास तीच राहिली आणि फेऱ्यातल्या लाटांची संख्या बदलली, तर थरथरणारी वस्तू टूल, जॉब किंवा पोस्ट यांपैकी आहे. पट्टी स्पीडबरोबर चढली-उतरली आणि लाटा दर फेऱ्याला तेवढ्याच राहिल्या, तर चॅटरच्या मागे लागू नये. दोष गिअरच्या दात्यात किंवा स्पिंडलच्या बेअरिंगमध्ये शोधावा.

राहिलेली किरकोळ कारणं

किरकोळ म्हटली तरी ही रोजची आहेत. टूल सेंटरच्या उंचीवर नसणं हे सर्वांत जास्त. टूल उंच असेल तर त्याचं खालचं अंग जॉबला घासतं. खाली असेल तर ते कापण्याऐवजी धातू ढकलतं. लेथ बंद करून टूलचं टोक आणि जॉब यांच्यामधे स्टीलची पट्टी हलकी दाबून धरावी. ती उभी राहिली तर उंची बरोबर. वरचं टोक पलीकडे, जॉबकडे कललं तर टूल उंच. आपल्याकडे कललं तर खाली.

शेवटचा कट नको तितका बारीक ठेवणं हीही नेहमीची सवय. कार्बाइड टिपची धार मुळात किंचित बोथट केलेली असते. तिला ०.०५ मिलिमीटरचा कट दिला तर ती कापत नाही, पृष्ठभाग दाबून पुढे जाते. कटाची खोली निदान नोज रेडियसच्या दोन-तृतीयांश तरी हवी, म्हणजे ०.४ च्या टिपला पाव मिलिमीटरच्या पुढे. तीक्ष्ण एचएसएसला मात्र बारीक कट चालतो.

जॉबवर मधेच एखादा खोल ओरखडा गोल फिरलेला दिसला, तर तो गुंतलेल्या चिपचा प्रताप. क्रॉस स्लाइडची गिब सैल असेल तर फिनिश एका जागी चांगलं, दुसऱ्या जागी वाईट येतं.

> खूण पाहा, मग हात लावा
>
> सारख्या अंतरावर स्वच्छ रेघा: फीड कमी करा.
>
> ओरबाडलेला, निस्तेज, कण चिकटलेला: कार्बाइड असेल तर स्पीड वाढवा, एचएसएस असेल तर धार लावा आणि तेल सोडा.
>
> लाटा आणि आवाज: टूल आणि जॉब आखूड धरा, सेंटर लावा, स्पीड बदला, फीड किंचित वाढवा.
>
> सुरुवातीला चांगला, पुढे पुढे बिघडत जाणारा: टूल झिजलं आहे.
>
> एका वेळी एकच गोष्ट बदला. चार बदलल्या तर कशाने सुधारलं ते कळत नाही.

पॉलिश पेपरने काय होतं, काय होत नाही

एवढ्या खटाटोपाऐवजी शेवटी पॉलिश पेपर मारायचा, हा सर्वांचा आवडता मार्ग. (पेपर बोटांभोवती गुंडाळून फिरत्या जॉबवर धरणं आणि हातमोजे घालून लेथवर काम करणं, दोन्हींनी बोटं गेली आहेत. पेपर दोन टोकांना सुटा धरावा किंवा लाकडी पट्टीवर.) पेपरने वरंब्यांचे माथे घासले जातात, शाफ्ट चमकतो. सऱ्या मात्र तळाशी तशाच राहतात आणि त्यांत पेपरचे कडक कण अडकून बसतात. ग्लँडखालचा भाग नीट धुतला नाही, तर तेच कण दोरीत शिरून शाफ्ट खातात.

ग्लँडची दोरी तशी सोशीक आहे. आरए ०.८ च्या आसपास नेलं की तिचं भागतं. बेअरिंगशेजारच्या ऑइल सीलचं तसं नाही. त्याची रबरी कड शाफ्टवर अगदी बारीक रेषेत टेकते आणि तिच्यासाठी वरंब्यांच्या उंचीइतकीच त्यांची दिशाही महत्त्वाची ठरते. टर्न केलेला शाफ्ट म्हणजे अतिशय बारीक पिचचा आटा असलेला स्क्रूच. एका दिशेने फिरताना तो तेल आत ओढतो, उलट दिशेने फिरताना बाहेर काढतो. सील नवं, शाफ्ट चकचकीत, तरी तेल गळतं, त्याचं कारण अनेकदा हे असतं. म्हणून सीलखालचा भाग ग्राइंड करतात, आणि तोही चाक बाजूला न सरकवता सरळ आत दाबून, म्हणजे मळसूत्री रेघ उरतच नाही.

ती उरली आहे का, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. शाफ्ट आडवा धरून त्यावर तेलाचा हलका हात फिरवावा. शिवणाचा दोरा त्यावरून टाकून खाली एखादा हलका नट लटकवावा आणि शाफ्ट सावकाश फिरवावा, आधी एका दिशेने, मग उलटा. दोरा जागचा हलला नाही तर शाफ्ट सीलला चालेल. एकीकडे सरकत गेला आणि उलट फेऱ्यांत परत आला, तर तो शाफ्ट पुन्हा ग्राइंडरवर जाऊ द्या.